दोन पासपोर्टवाल्यांनी व्हिजिटर व्हिसा कसा काढायचा

आमचे भाचेजावई मॉरिशसचे मराठी, वडील तिकडचे, आई दक्षिण आफ्रिकेची, स्वतः डर्बनला जन्मलेले, त्यामुळे जन्मापासून दोन्ही देशांचे नागरिक. लग्नानंतर बाणेरला राहतात, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. मध्यंतरी त्यांना अमेरिकेत मित्राच्या लग्नाला जायचं होतं आणि फॉर्म भरायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. त्यात जे कळलं ते लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. पुण्यात निम्मे लोक "आमचा मुलगा ड्युअल आहे" म्हणतात ते ओसीआयवरून. ओसीआयच्या नावात सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं, मग जुना पासपोर्ट कपाटात जपून ठेवून उपयोग नाही, तो सरेंडर करावा लागतो.

आता मुख्य काम. फॉर्म उघडायच्या आधी बघा, दोनपैकी एखाद्या पासपोर्टवर व्हिसाच लागत नाही असं आहे का? दक्षिण आफ्रिकेच्या पासपोर्टवर युरोपला शेंगेन व्हिसा लागतो, मॉरिशसच्या पासपोर्टवर १८० दिवसांत ९० दिवस तसंच जाता येतं. म्हणजे जावईबापूंनी युरोपसाठी व्हिसाच्या रांगेत उभं राहणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं.

आणि जो देश तुमचाच आहे त्याचा व्हिसा मागूच नका, मिळत नाही. न्यू जर्सीत जन्मलेल्या नातवाचा अमेरिकन पासपोर्ट संपला म्हणून "टुरिस्ट व्हिसा काढू की" म्हणणारे आजोबा मला भेटलेत. अहो तो अमेरिकन नागरिक आहे, त्याला पासपोर्टच रिन्यू करावा लागणार (१६ च्या आतल्या मुलांचा ५ वर्षांचाच असतो, संपलेला लक्षातच येत नाही). कॅनडाचंही तसंच. डर्बनला जाताना आमचे जावई आफ्रिकेचाच पासपोर्ट वापरतात, कारण तिथल्या सज्ञान नागरिकाने परक्या पासपोर्टवर देशात येणं-जाणं हा तिकडे गुन्हा आहे.

अमेरिकेसाठी मात्र त्यांच्या दोन्ही पासपोर्टवर व्हिसा लागतो, मग प्रश्न कुठल्या पासपोर्टवर काढायचा. ज्याची मुदत जास्त आणि ज्याचा नंबर ओसीआयला जोडलेला आहे तो घ्या, म्हणजे परत येताना मुंबई एअरपोर्टवर दोन-दोन पासपोर्ट काढून समजावत बसायला नको. आम्ही मॉरिशसचा घेतला. एकदा ठरवला की डीएस-१६० (अमेरिकन व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म), अपॉइंटमेंट, तिकीट सगळीकडे तोच. आम्ही इथेच गडबड केली, मॉरिशसच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे, आफ्रिकेच्या पासपोर्टवर नाही, आणि मी अर्धा फॉर्म एक बघून भरला आणि अर्धा दुसरा बघून, मग रात्री साडेबाराला सगळं पुन्हा पहिल्यापासून.

डीएस-१६० मध्ये विचारतात की याशिवाय दुसरं नागरिकत्व आहे का किंवा पूर्वी होतं का. इथे लपवायचं नाही, सरळ येस करा, देश लिहा, त्या देशाचा पासपोर्ट असेल तर त्याचा नंबरही द्या. "उगाच कशाला सांगायचं" हा आपला पुणेरी शहाणपणा इथे अंगाशी येतो. जावयांनी ओसीआय आहे म्हणून तिथे इंडिया पण टाकलं होतं, ते मी काढायला लावलं, कारण ते कधीच भारतीय नागरिक नव्हते. पण तुम्ही आधी भारतीय होता आणि नंतर दुसरीकडचे झालात तर इंडिया लिहायचंच, प्रश्नात "होतं का" पण आहे. फॉर्म भरताना मध्येच चहाला उठलात तर सेशन उडतं, ॲप्लिकेशन आयडी आधी कागदावर उतरवून ठेवा. पाच वर्षांतली सोशल मीडिया अकाउंटं विचारतात, तीही खरी द्या. फोटो २ बाय २ इंच, चष्मा काढून.

फी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून सांगितलंय की मुलाखत नागरिकत्वाच्या देशात किंवा जिथे राहता तिथे द्या. परदेशी पासपोर्ट असला तरी पुण्यात राहणाऱ्याला मुंबई चालते, फक्त राहतो हे दिसायला पाहिजे, भाडेकरार, ओसीआय, नोकरीचं पत्र बरोबर ठेवा. बोटांचे ठसे आणि मुलाखत अशा दोन अपॉइंटमेंट असतात, मुलाखत बीकेसीच्या कॉन्सुलेटला. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री मुंबईत पोचा, घाटात ट्रॅफिक लागला की बीपी वाढतं. मोबाईल आत नेता येत नाही.

एक वेगळी केस. जर्मन पासपोर्टवाल्याला अमेरिकेला एस्टावर (व्हिसाऐवजी चालणारी ऑनलाइन परवानगी) जाता येतं, पण तोच माणूस इराण किंवा सीरियाचाही नागरिक असेल तर एस्टा बंद, व्हिसाच काढावा लागतो. हा नियम २०१५ च्या कायद्यातला.

मुलाखतीला दोन्ही पासपोर्ट न्या. जावयांना विचारलं, इतके देश आहेत तर परत कुठे जाणार? ते म्हणाले, बाणेर, बायको तिथे आहे. दोन देशांचे नागरिक असाल तर ह्या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून जा, तिथे "तसं काही ठरलं नाही" म्हणालात तर २१४-बीचा कागद (परत जाल हे पटलं नाही म्हणून व्हिसा नाकारल्याचा) हातात मिळू शकतो.