हार्डविक हॉलसारखं जुनं इंग्लिश घर कसं बघायचं

रत्नागिरी-चिपळूणकडची बरीच पोरं आता यूकेत आहेत, आईबाबा तिकडे गेले की एखाद्या रविवारी कंट्री हाऊस, म्हणजे गावाकडचा जुना श्रीमंती वाडा, दाखवायला नेतात आणि सगळे थेट आत घुसून पलंग नि पेंटिंगांचे फोटो काढत बसतात. माझं आग्रहाचं सांगणं, आधी अर्धा तास अंगणात काढा, कारण घर बाहेरूनच जास्त कळतं.

सुरुवात रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यापासून करा, सरावाला तो उत्तम. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी ब्रिटिशांनी १९१० मध्ये बांधलेला. दोनच गोष्टी बघायच्या, छप्पर आणि खिडक्या. छपराला उतार आहे कारण आपला पाऊस, आणि खिडक्यांवरचं अर्धगोल लाकडी नक्षीकाम नीट बघा, फार सुंदर आहे.

आता तीच नजर डर्बीशायरच्या हार्डविक हॉलवर टाका. बेस ऑफ हार्डविक, म्हणजे श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, या बाईंनी तो १५९० ते १५९७ मध्ये बांधून घेतला, रचना रॉबर्ट स्मिथसनची मानतात. छप्पर खालून जवळजवळ दिसतच नाही, दिसतात ते सहा मनोरे आणि त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ई आणि एस ही अक्षरं, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी, बाईंचंच नाव. मग खिडक्या खालून वर बघत जा, प्रत्येक मजल्याला उंची वाढत जाते. तळाला नोकरचाकर आणि कामाच्या खोल्या, मध्ये बाईंचं रोजचं राहणं, आणि सगळ्यात वर मानाची दालनं नि लाँग गॅलरी, म्हणजे फेऱ्या मारायचं लांबलचक दालन. आपल्याकडे पाहुण्याचा मान ओटीवर आणि माळ्यावर अडगळ, तिथे बरोबर उलटं, पाहुणा जितका मोठा तितका वर चढणार. काच तेव्हा भयंकर महाग होती, त्यामुळे एवढ्या खिडक्या म्हणजे ऐपत लांबूनच दाखवणं, 'भिंतीपेक्षा काच जास्त' असं लोक या घराबद्दल म्हणायचे. धुराडी आतल्या भिंतींत घेतली म्हणून बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या मिळाल्या, मला तरी ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

दुसऱ्या कुठल्या घरी गेलात तर काळ ओळखायला साधारण असं धरा: दगडी उभ्या-आडव्या पट्ट्या आणि शिशात बसवलेल्या छोट्या काचा असतील तर सोळावं-सतरावं शतक, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या सतराव्याच्या शेवटानंतरच्या, पुढे खांब आणि वर त्रिकोण असेल तर बहुतेक अठरावं. विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की गाइड कारण म्हणून खिडकीपट्टी, म्हणजे खिडक्यांवरचा कर, सांगतात, तो १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण काही खिडक्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून मुळातच बंद बांधलेल्या असतात, तेव्हा दुसरी बाजू बघूनच ठरवा.

हार्डविकच्या आत दगडी जिना लांबलचक आहे, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा. घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, वेळा सीझनप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी वेबसाइट बघून घ्या.