हात न टेकता उठता यावे म्हणून: साठीनंतरचे जेवण आणि व्यायाम

उतारवयातील स्वावलंबन म्हटले की पेन्शन, स्वतःचे घर आणि बँकेतील ठेव डोळ्यांपुढे येते. पण एकट्याने राहता येईल की नाही, हे पुष्कळदा मांड्यांतील ताकदीवर ठरते. न्हाणीतल्या स्टुलावरून उठणे, एसटीची उंच पायरी चढणे, भरलेली कळशी ओट्यावर ठेवणे ही कामे ज्यांना दुसऱ्याचा हात न धरता जमतात, त्यांना आपल्या घरात आपल्या मर्जीने राहता येते. ही ताकद टिकवण्यासाठी रोज काय खावे आणि काय करावे, ते येथे सांगतो.

माझी आई बहात्तराव्या वर्षी गावी एकटीच राहत होती. एका पावसाळ्यात ती तापाने दहा दिवस अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण पुढे देवापुढून उठताना तिला भिंत धरावी लागू लागली. ‘वय झालं आता’ असे ती म्हणे आणि आम्हालाही ते पटत असे. मग एकदा मुक्कामी असताना तिने कुकरला लावायला काढलेली तूरडाळ मी सहज वजनकाट्यावर ठेवली, तर दोन्ही वेळच्या वरणाला मिळून ती जेमतेम 30 ग्रॅम भरली. म्हणजे दिवसभराच्या वरणातून तिला सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळत होती; बाकी सकाळी चहा-खारी, दुपारी एक पोळी आणि रात्री भाताची पेज. पोट भरत होते, स्नायू मात्र उपाशी राहत होते.

निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2020 ची शिफारस सांगते. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम धरायला सांगतात. म्हणजे 55 किलो वजनाच्या माणसाने 55 ग्रॅमच्या आसपास प्रथिने खायला हवीत, आणि त्यासाठी महागड्या पावडरीचा डबा आणण्याची गरज नाही. 100 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून सुमारे 10 ग्रॅम, 40 ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून 9, मूठभर फुटाण्यांतून 6, तेवढ्याच शेंगदाण्यांतून 6, वाटीभर दह्यातून 3, रात्रीच्या मुगाच्या डाळीच्या खिचडीतून 10 आणि दोन पेले दुधातून 12 ते 13 ग्रॅम मिळतात, आणि हिशेब पूर्ण होतो. अंडी चालत असतील तर एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. मासे खाणाऱ्यांचे काम आणखी सोपे होते. खिचडी लावताना मात्र डाळ सढळ हाताने घ्यावी, तांदूळ 40 ग्रॅम असेल तर डाळ निदान 30 ग्रॅम असावी. धान्यातील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि तो डाळींत भरपूर असतो, म्हणून भाकरी आणि उसळ एकाच ताटात असणे चांगले.

दात पडले म्हणून कडधान्ये सोडून देणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मला हळहळ वाटते, कारण त्यावर उपाय सोपा आहे. मूग रात्रभर भिजत घालावेत, सकाळी पंचात बांधून ठेवावेत आणि मोड आले की आले-मिरची घालून वाटून त्यांची मऊ धिरडी करावीत. मटकीची उसळ कुकरला एक शिटी जास्त देऊन मऊ करता येते. वर लिंबू पिळावे, म्हणजे कडधान्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

उपवासाकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. श्रावणात आणि चातुर्मासात ज्यांचे आठवड्याला दोन-तीन उपवास असतात, त्यांचे ते दिवस साबुदाण्यावर जातात, आणि साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसते. उपवास मोडावा असे मी म्हणणार नाही. ताट बदलावे एवढेच सांगेन. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही हे सगळे उपवासाला चालते आणि अंगातील ताकदही राखते. पूर्ण शाकाहारी माणसांनी ब-12 जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे.

नुसते खाऊन स्नायू वाढत नाहीत, त्यांना कामही द्यावे लागते. बिनहाताची भक्कम लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, पुढच्या कडेशी बसावे, पावले खांद्यांइतकी फाकवून जमिनीवर पूर्ण टेकवावीत आणि हात छातीवर घडी करून ठेवावेत. मग किंचित पुढे झुकून उठावे, आणि बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत बसावे, कारण सावकाश बसण्यातही मांड्यांना चांगले काम मिळते. असे आठ ते दहा वेळा करून थोडे थांबावे आणि पुन्हा एकदा करावे. आठवड्यातून तीन दिवस पुरेसे आहेत. सुरुवातीला उठणे जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवावी. आईने पहिले तीन आठवडे तसेच केले.

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून टाचा उचलाव्यात आणि एका पायावर दहा-दहा सेकंद उभे राहावे, म्हणजे तोल सुधारतो. भिंतीवर तळवे टेकवून कोपरांतून वाकावे आणि पुन्हा सरळ व्हावे, त्याने हातांना बळ येते. चालणे आठवड्याला 150 मिनिटे व्हावे, आणि वेग असा असावा की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. केवळ चालण्याने मात्र मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही, म्हणून रोज फिरायला जाणाऱ्यांनीही खुर्चीचा व्यायाम टाळू नये. छातीत दुखले, चक्कर आली किंवा अवाजवी दम लागला तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी.

प्रगती मोजायची असेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेला 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते कोणाकडून तरी मोजून घ्यावे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रियांना दहापेक्षा आणि पुरुषांना बारापेक्षा कमी वेळा जमले तर पडण्याचा धोका जास्त धरतात. आईचा पहिला आकडा सहा होता, दिवाळीनंतर तो अकरावर गेला, आणि स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर ती तो स्वतःच्या हाताने लिहू लागली. आकडा सलग दोन महिने घटला, तर आधी डाळीचे माप पाहावे, आणि तेही बरोबर असेल तर डॉक्टरांकडे जावे.