तरुण घोडा विकताना आधी दात दाखवा, उडी नंतर
सारंगखेड्याचा बाजार असो की रायडिंग क्लब, उड्यांसाठी तयार केलेला तरुण घोडा विकताना वय नुसतं तोंडी सांगू नका. ओठ उचलून दात दाखवा. पुढच्या दुधाच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीचाव्या वर्षी पडते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. जाणकार गिऱ्हाईक तेच आधी बघतं. तीन वर्षांच्या जनावराला मीटरभर उंच उडवून दाखवायचा मोह मात्र टाळाच. मणक्यांची वाढ पाच वर्षांनंतरही चालू असते. त्यापेक्षा कडक जमिनीवर, दोरी ढिली सोडून, सरळ रेषेत चालवा, मग दुडक्या चालीने पळवा. तिथे लंगडेपणा सहसा लपत नाही. चारही खूर शांतपणे उचलू द्यायची सवयही आधीच लावा. नव्या मालकाची पहिली कटकट नालबंद नाल ठोकायला येतो तेव्हाच होते.