बॅडमिंटन खेळून सांधे दुखतायत? मग या चुका टाळा

शटल जेमतेम पाच ग्रॅमचं असतं, म्हणून बॅडमिंटन हा हलका खेळ आहे असं लोकांना वाटतं. पण दुखणं शटल मारल्यामुळे कमी आणि ब्रेक मारल्यामुळे जास्त येतं. नेटजवळ हळूच टाकलेलं शटल म्हणजे ड्रॉप उचलायला तुम्ही पळत येता, अख्ख्या अंगाचा भार एका पायावर टाकून लंज मारता, तिथेच थांबता आणि लगेच उलटं मागे ढकलता, हे एका गेममध्ये कितीतरी वेळा होतं आणि दरवेळी टाच, पोटरी, गुडघा, कंबर सगळ्यांना त्याचा हिशोब द्यावा लागतो. शरीर याला तयार होतं, नक्की होतं, पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ द्यायला कुणी तयार नसतं. पहिल्या आठवड्यात जंप स्मॅश म्हणजे उडी मारून वरून जोरात मारलेला शॉट, दुसऱ्या आठवड्यात नी कॅप, आणि तिसऱ्या महिन्यात "बॅडमिंटनने माझे गुडघे खाल्ले" हे कोर्टवर इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं.

आधी एक फरक समजून घ्या. नवीन खेळायला लागल्यावर किंवा मोठ्या गॅपनंतर मांड्या, पोटऱ्या, खांदे आंबतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकतात, आणि दोन-तीन दिवसांत ओसरतात. ते दुखणं दोन्ही बाजूंना असतं, पसरलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एकाच बाजूला दुखत असेल, खेळताना अंग गरम झाल्यावर गायब होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना परत येत असेल, तर ते अंग आंबणं नाही, तिथल्या टेंडनवर म्हणजे शिरेवर जास्त भार पडतोय.

चूक: पोटरी आणि टाचेचं दुखणं अंगावर काढणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. माझा डबल्सचा एक जुना पार्टनर, चाळिशीतला, खुर्चीवर बसून काम करणारा, फिट माणूस. त्याला काही आठवडे सकाळी उठल्यावर टाचेच्या मागे आखडल्यासारखं व्हायचं, बाथरूमपर्यंत लंगडत जायचा आणि मग मोकळं व्हायचं. कोर्टवर आला की टाचेमागे स्प्रे मारायचा, दोनदा पाय झटकायचा आणि थेट मॅचला उभा राहायचा. मी सांगितलं, इतरांनीही सांगितलं, त्याचं उत्तर ठरलेलं, "खेळताना दुखत नाही ना, मग झालं." शेवटी एका मॅचमध्ये तिसऱ्या गेमला तो मागून पुढे झेपावला आणि "फट्" असा आवाज झाला, मला आधी रॅकेटची तार तुटली असं वाटलं. तो खाली बसला आणि वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "पायावर रॅकेट का मारलीस?" मी त्याच्यापासून चांगली लांब उभी होते.

मागून कुणीतरी लाथ किंवा रॅकेट मारली असं वाटणं ही टाचेमागची जाड शीर, अकिलिस टेंडन, तुटल्याची अगदी नेहमीची खूण आहे. आणि पुढची चूक तिथे जमलेल्यांनी केली. एकाने पोटरी चोळायला घेतली, दुसरा म्हणाला बोटं हलतायत, चालताही येतंय, म्हणजे नुसती चमक भरलीये. हे साफ चुकीचं. ती शीर पूर्ण तुटली तरी बाकीच्या स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडं हलतं, माणूस लंगडत का होईना चालतो, म्हणून त्यावरून काही ठरवायचं नसतं. ठरवायचं असेल तर त्याला पालथं झोपवा, पावलं बेडच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. शीर धड असेल तर पाऊल आपोआप हलतं, चवड्यावर उभं राहताना ताणतं तसं. दुसऱ्या पायाचं पाऊल हलतंय आणि या पायाचं हलत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे. लवकर पोचलं तर बऱ्याच जणांचं बूट किंवा प्लास्टरमध्येही नीट जुळून येतं, उशीर झाला की पर्याय कमी होतात. माझ्या पार्टनरने क्रेप बँडेज गुंडाळून काही आठवडे वाट बघितली, मग ऑपरेशन झालं, आणि कोर्टवर परत यायला त्याला वर्ष लागलं.

हे सगळं टाळायचा उपाय कंटाळवाणा आहे म्हणूनच कुणी करत नाही. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा वर उचलायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. 15 वेळा, असे 3 सेट, दिवसातून दोनदा, आधी गुडघा सरळ ठेवून आणि मग थोडा वाकवून. हा प्रोग्राम 12 आठवड्यांचा असतो, 12 दिवसांचा नाही. दुखणं अगदी टाचेच्या हाडालाच चिकटून असेल तर टाच पायरीच्या खाली सोडू नका, सपाट जमिनीवर करा, खाली सोडल्याने तिथे उलट दाब वाढतो. मी हा व्यायाम काही दुखत नसतानाही करते, दात घासण्याइतका अंगवळणी पडलाय. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स चालू असताना आणि नंतर काही काळ या शिरेला इजा व्हायचा धोका वाढतो, तेव्हा डॉक्टरांना आपण खेळतो हे सांगा आणि टाचेत दुखायला लागलं तर लगेच कळवा.

चूक: गोळी घेऊन कोर्टवर उतरणं

पेनकिलर खेळायच्या आधी घेऊ नका, संपला विषय. दुखणं हा एकच अलार्म तुमच्याकडे आहे आणि तोच तुम्ही बंद करताय. वर रोज रोज घेतलेल्या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देतात ते वेगळंच. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "सिंधू नाही का दुखऱ्या पायाने गोल्ड जिंकली." जिंकली, 2022 च्या कॉमनवेल्थमध्ये, आणि त्यानंतर डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं, त्याच महिन्यातली वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली आणि ती थेट जानेवारी 2023 मध्ये परत खेळायला आली. तिच्या मागे डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर अशी फौज असते. तुम्हाला सकाळी ऑफिस असतं.

चूक: रॅकेट आवळून धरणं आणि मग कोपराला दोष देणं

कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखणं, भरलेला कप उचलताना सणक येणं, टॉवेल पिळताना कळ येणं, हे टेनिस एल्बो, आणि ते होण्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची शीर तिथे जोडलेली असते आणि तुम्ही मूठ जितकी आवळाल तितका त्या जागेवर ताण. नवीन खेळाडूचा हात बघा, सर्व्हिसपासून पॉइंट संपेपर्यंत बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात. शॉट मारायचा क्षण सोडला तर बाकी सगळा वेळ रॅकेट इतकी सैल असली पाहिजे की समोरच्याने हळूच ओढली तर हातातून निसटेल. शटल लागायच्या क्षणी बोटं आवळा, लगेच सोडा. आणि जोर मनगट झटकून येत नाही, कोपरापासून पुढचा हात गोल फिरवून येतो, किल्ली फिरवतो तसा. बॅकहँडला मनगट झटकणारे सगळे आज ना उद्या कोपर धरून बसतात.

सामानाच्या बाबतीतही तोच उतावळेपणा. टीव्हीवरचा खेळाडू 30 पाउंडला गटिंग करतो, म्हणजे रॅकेटची तार तेवढ्या ताणाने ओढून बसवतो, म्हणून आपणही 28 मागायचं. अहो, तार जितकी ताठ तितकी तिची नीट बसणारी जागा लहान, तुमचा निम्मा मार कडेला लागतो आणि तो झटका सरळ हातात जातो. नवीन असाल तर 20 ते 24 पाउंडमध्ये राहा, शटल लांबही जाईल आणि कोपरही शाबूत राहील. घामाने ग्रिप गुळगुळीत झाली की नकळत मूठ आवळली जाते, म्हणून ओव्हरग्रिप म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी बदलायला कंजूषपणा करू नका, पूर्ण रॅकेट बदलण्यापेक्षा तेवढ्याने बऱ्याचदा जास्त फरक पडतो.

आता इंजेक्शन. "एक इंजेक्शन घेतलं की मोकळं" असं सांगणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, हे खरं आहे. पण टेनिस एल्बोवर जे अभ्यास झालेत त्यात वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा न घेतलेल्यांची अवस्था बरी निघाली, कदाचित आराम वाटला की लोक लगेच तोच हात तसाच वापरायला लागतात आणि शिरेचं मूळ दुखणं तर तसंच असतं. त्यापेक्षा हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, हातात पाण्याची भरलेली छोटी बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडा. फार दुखत असेल तर आधी नुसतं तसंच 30-40 सेकंद धरून ठेवा. कोपराखाली बांधायचा पट्टा खेळताना थोडा आधार देतो, बरं काही करत नाही.

चूक: जॉगिंगचे बूट

सरळ पळण्यासाठी बनवलेल्या बुटाची टाच जाड आणि उंच असते, बॅडमिंटनमध्ये बाजूला झेपावलं की त्याच उंचीवरून घोटा आत वळतो. पातळ, रुंद, गम सोलवाले नॉन मार्किंग (कोर्टवर डाग न पाडणारे) कोर्ट शूज घ्या आणि बाहेर रस्त्यावर घालून त्यांची पकड घालवू नका. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

चूक: गुडघा दुखला की नी कॅप, बाकी सगळं तसंच

गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर बहुतेक वेळा दोष लंजमध्ये असतो. पाऊल शटलच्या दिशेने नाही, आत वळलेलं पडतं, मग गुडघाही आत कोसळतो. टाच आधी टेकवा, पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला ठेवा, आणि मागचा पाय थोडा ओढत आणा म्हणजे ब्रेक दोन पायांत वाटला जातो. मांड्या आणि कुल्ले मजबूत करा, भिंतीला पाठ टेकून अर्ध्या खुर्चीत बसल्यासारखं 45 सेकंद, चार-पाच वेळा, तेवढ्यानेही वाटीखालचं दुखणं बरंच शांत होतं.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे कोर्टचा मागचा बॅकहँड कोपरा, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा मागचा डावा कोपरा. उजव्या हाताचा खेळाडू तिथे डोक्यावरून शॉट मारून डाव्या पायावर, एकट्या पायावर उतरतो आणि गुडघ्यातलं एसीएल म्हणजे सांधा जागेवर धरून ठेवणारं लिगामेंट तुटायच्या बऱ्याच घटना अशाच उतरण्यात होतात. कॅरोलिना मारिनसारखी ऑलिंपिक चॅम्पियन बघा, 2019 मध्ये उजवा गुडघा, 2021 मध्ये डावा, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये पुढे असताना परत उजवा. ब्रेस घालून तिने खेळायचा प्रयत्न केला, तरी सामना सोडावा लागला. मग ज्याला साधं एका पायावर नीट उतरता येत नाही त्याने जंप स्मॅशच्या मागे का लागावं हे मला खरंच कळत नाही. आधी एका पायावर उडी मारून डळमळ न होता थांबून दाखवा, मग हवेत जा.

चूक: खांद्याचं दुखणं खांद्यातच शोधणं

आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असा प्रकार. शटलखाली वेळेत पोचला नाहीत की शटल डोक्याच्या मागे जातं, आणि मग वाकडा हात मागे नेऊन मारावा लागतो. म्हणजे चुकतात पाय, दुखतो खांदा. दोन पावलं लवकर निघा, शटल अंगाच्या पुढे घ्या. सोबत कोपर कडेला टेकवून रबर बँड बाहेर ओढायचा व्यायाम. आणि दुखणं मानेतून निघून हातात मुंग्या येत असतील तर तो खांदा नसून मान असू शकते, तपासून घ्या.

आणखी काही, पटापट

वॉर्मअप म्हणजे आल्याआल्या ताकदीने क्लियर म्हणजे पार मागच्या रेषेपर्यंत उंच शॉट मारणं नाही. 10 मिनिटं घ्या: हलकं पळणं, बाजूला सरकणं, लंज, हात फिरवणं, मग हळू शॉट्स. एक-एक स्नायू मिनिटभर ताणून धरायचं स्ट्रेचिंग खेळून झाल्यावर.

ताज्या मुरगळलेल्या घोट्याला जोर लावून चोळू नका, शेकू नका. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून 10-15 मिनिटं, दाबपट्टी, पाय उंच. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्सरे.

आठवडाभर बसून रविवारी सलग तीन तास खेळू नका, तेच तास दोन-तीन दिवसांत वाटा.

"पूर्ण बंद" हाही शॉर्टकटच आहे. महिनाभर काहीच न करता शीर मजबूत होत नाही, नुसती शांत होते, आणि परतल्या दिवशी पुन्हा दुखते. मी हिशोब असा ठेवते की खेळताना दुखणं दहापैकी तीनच्या आत असावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालपेक्षा वाढलेलं नसावं. वाढलं असेल तर पुढच्या वेळी एक गेम कमी, स्मॅश बंद, पण व्यायाम चालू.

आणि हे घरी बघत बसायचं नाही: सांधा लगेच टम्म सुजला, गुडघा अडकतो किंवा निसटतो, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, एकाच पोटरीला सूज आणि उष्णपणा, पायात बधिरपणा. खेळताना छातीत दाब येऊन डावा खांदा, हात किंवा जबडा दुखायला लागला तर तो खांद्याचा स्नायू असेल असं समजून पाणी पिऊन परत सर्व्हिसला उभं राहू नका, खेळ तिथेच थांबवा आणि कुणाला तरी सोबत घेऊन ताबडतोब हॉस्पिटल गाठा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.