वजनाच्या ऑपरेशननंतर पोटात कळ येते? पित्ताशयाच्या बाबतीत या चुका टाळा

‘पित्त झालंय’ असं मराठीत म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ॲसिडिटी येते: आंबट ढेकर, छातीत जळजळ, मळमळ. पित्ताशयात साठतं ते पित्त मात्र निराळं. यकृतात तयार होणारा तो हिरवट-पिवळा रस चरबी पचवायला लागतो, जठरातल्या आम्लाशी त्याचा संबंध नाही. एरवी या शब्दाच्या घोळाने कुणाचं फारसं बिघडत नाही. पण वजन कमी करायला स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते अरुंद करणं) किंवा बायपास (हृदयाचा नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं, उरलेलं जठर बाजूला राहतं) करून चार-सहा महिने झालेल्या माणसाने रात्री उठलेल्या कळेला ‘पित्त’ म्हणून ॲसिडिटीची आणखी एक गोळी घेतली, तर खरं दुखणं, बहुधा पित्ताशयातले खडे, आठवडेच्या आठवडे लपून राहतं.

दोन्हींतला फरक बऱ्याचदा नुसत्या वर्णनावरून लक्षात येतो. पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीखाली किंवा थेट पोटाच्या वरच्या मध्यभागी येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्यात जाते, जेवणानंतर किंवा मध्यरात्री सुरू होते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि मग आपली आपण ओसरते. कूस बदलून, ढेकर देऊन किंवा शौचाला जाऊन फरक पडत नाही. ऑपरेशननंतर आम्ल कमी करणारी गोळी बहुतेकांना आधीच चालू असते. ती चालू असूनही कळ येत असेल, तर डोस वाढवण्याआधी सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्ततपासण्या करून घ्या.

खडे होतात ते का?

वजन झपाट्याने उतरतं तेव्हा शरीरातल्या चरबीत साठलेलं कोलेस्टेरॉल मोकळं होतं आणि यकृत ते पित्तात सोडतं. पित्त दाट होतं. त्यात खाणं इतकं कमी झालेलं असतं की पित्ताशय पूर्वीसारखं आकुंचन पावत नाही आणि पित्त आत साचून राहतं. दाट आणि साचलेल्या पित्तात आधी गाळ जमतो, मग खडे. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरत असेल तर धोका आणखी वाढतो. सगळ्यात नाजूक काळ पहिल्या सहा महिन्यांचा, पण त्रास दीड-दोन वर्षांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो. वजन एका जागी स्थिरावलं की हे चक्र मंदावतं.

म्हणूनच ‘ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी झाली होती, खडे नव्हते’ या वाक्याचा आता उपयोग नाही. तो रिपोर्ट आधीच्या शरीराचा होता.

गोळी मध्येच सोडणे

अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड नावाची गोळी पित्तातलं कोलेस्टेरॉल कमी करते. साधारण सहा महिने ती घ्यायला सांगतात. बायपासनंतर बहुधा 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, स्लीव्हनंतर 500 मिलिग्रॅम एकदा. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपासनंतर सहा महिन्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 32 टक्के लोकांना खडे झाले, तर रोज 600 मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांपैकी फक्त 2 टक्के लोकांना. नेदरलँड्समध्ये पुढे झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीचे आकडे इतके नाट्यमय नाहीत. तिथे नुसते खडे न मोजता, प्रत्यक्ष त्रास किती जणांना झाला हे पाहिलं: औषध घेणाऱ्यांत 6.5 टक्के, न घेणाऱ्यांत 9.7 टक्के. थोडक्यात, औषध घेऊनही काहींना त्रास होतो. पण ‘मला काही होत नाही, मग कशाला’ म्हणून दुसऱ्या महिन्यात ते बंद करणं म्हणजे भर पावसात छत्री मिटणं. जुलाबामुळे गोळी नकोशी झाली असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा वेळ बदलता येते. ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड तिच्याबरोबर घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही.

तेल-तूप अगदी शून्यावर आणणे

ही चूक शिस्तीच्या माणसांकडून होते. चरबी शून्य केली की पित्ताशयाला आकुंचन पावायचा निरोपच मिळत नाही. दिवसातल्या किमान एका जेवणात साधारण 7 ते 10 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असले की ते बऱ्यापैकी रिकामं होतं. तुमच्या आहाराच्या टप्प्यात हे कसं बसवायचं ते आहारतज्ज्ञांना विचारा. खडे होऊन कळा सुरू झाल्या असतील तर मात्र गणित उलटतं. मग चरबी कमीच ठेवावी लागते.

‘खडा बारीक आहे’ म्हणून निर्धास्त राहणे

बारीक खडाच पित्तनलिकेत सहज घसरतो. तिथे अडकला की कावीळ होते, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून कळा येत असतील तर खड्याच्या आकारावर विसंबू नका. याउलट, सहज केलेल्या तपासणीत खडे दिसले आणि कधीच दुखलं नसेल, तर सहसा पित्ताशय काढायची घाई करत नाहीत.

यकृत ‘साफ’ करायला ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायचे प्रयोगही सोडून द्या. दुसऱ्या दिवशी शौचात पडणाऱ्या हिरव्या गोळ्या बहुधा त्याच तेलाचा साबण असतो. आणि एवढं तेल एकदम प्यायल्याने खऱ्या खड्याची कळ उठू शकते.

इमर्जन्सीत ‘माझा बायपास झालाय’ हे न सांगणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, आणि तिच्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

पित्ताशयाच्या कळेवर नेहमी दिलं जाणारं इंजेक्शन डायक्लोफिनॅक गटातलं असतं. बायपास झालेल्यांनी हा गट टाळायचा असतो, कारण जठराची छोटी पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे त्याने अल्सर होऊ शकतो. इंजेक्शन घेतलं म्हणजे जठर वाचलं, असंही नाही. समोरच्या डॉक्टरांना ऑपरेशन माहीत असेल तर ते दुसरं औषध निवडतील.

दुसरा प्रश्न खडा नलिकेत अडकल्यावर येतो. एरवी तोंडातून दुर्बीण घालून ईआरसीपीने तो काढतात. स्लीव्हनंतर वाट तीच राहते, त्यामुळे हे शक्य असतं. बायपासमध्ये मात्र अन्नाचा मार्गच बदललेला असतो. पित्तनलिका जिथे उघडते तिथवर पोहोचायला दुर्बिणीला आतड्याचा लांबलचक वळसा घालावा लागतो आणि नेहमीची दुर्बीण तेवढी पोहोचत नाही. मग लॅप्रोस्कोपीच्या मदतीने बाजूला टाकलेल्या जठरातून शिरणं, लांब दुर्बीण वापरणं किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने दोन्ही जठरांत तात्पुरती वाट करणं असे पर्याय उरतात. ते सगळीकडे होत नाहीत. म्हणून ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख लिहिलेली डिस्चार्ज समरी फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. कळ उठलेली असताना तुम्हाला ‘रू-एन-वाय’ हे बायपासच्या प्रकाराचं नाव आठवणार नाही.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून विषय संपवणे

पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत चांगले दिसतात, नलिकेतले अनेकदा निसटतात. रक्तात बिलिरुबिन किंवा यकृताची एन्झाइम्स वाढलेली असतील तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) लागते. कधी खडा नसतोच, पण पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. त्यासाठी हायडा स्कॅन करतात.

आणि प्रत्येक कळ पित्ताशयाचीच असते असंही नाही. बायपासनंतर वजन उतरलं की आतड्यांभोवतीची चरबी झिजते, फटी रुंदावतात आणि आतडं त्यातून सरकून अडकू शकतं. हा अंतर्गत हर्निया. जेवणानंतर थांबून थांबून येणारी, पाठीत जाणारी तीव्र कळ यानेही येते. सीटी स्कॅनमध्येही तो कधी कधी दिसत नाही. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फोडलं, आणि अडकलेलं आतडं तसंच राहिलं, असं होऊ नये. तपासणीच्या वेळी हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा.

थांबायचं नाही, असं कधी?

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरट, पाच-सहा तासांनंतरही न ओसरणारी कळ: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय गाठा. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर आणखी एक धोका असतो. ऑपरेशन झालेल्यांमध्ये बी-1 जीवनसत्त्व लवकर संपतं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर होतो. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (म्हणजेच बी-1) द्यायला हवं, याची आठवण करून द्यायला संकोच करू नका.

पित्ताशय काढल्यानंतर

काहींना पातळ शौचाचा त्रास होतो, बायपासवाल्यांना जरा जास्तच, कारण पित्त आता सतत आतड्यात झिरपत असतं. यावर कोलेस्टिरामिनची पावडर देतात. ती पित्ताबरोबर औषधं आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही धरून ठेवते. त्यामुळे बाकीच्या गोळ्या पावडरीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्या.