उपमा ओळखताना 'सारखा'वर थांबू नका, साधारण धर्म शोधा

आधी बोलणं कशाबद्दल चाललंय ते पाहा. ते उपमेय. त्याला ज्याच्यासारखं म्हटलं ते उपमान. 'आजीचे हात बर्फासारखे गार पडले' यात हात उपमेय, बर्फ उपमान. इथवर कोणी अडत नाही.

मग साधर्म्यवाचक, म्हणजे सारखेपणा दाखवणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा: सारखा, प्रमाणे, परी, समान, जैसे-तैसे. 'हे शब्द पाठ करा, दिसले की उपमा' हा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. 'बाळ सारखं रडतंय' यातलं सारखं म्हणजे सतत. 'धाकटा उंचीला थोरल्यासारखाच आहे' यात तुलना आहे, पण उपमा नाही. दोन भावांची उंची मोजली, एवढंच. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात. उलट 'कमलनयन', म्हणजे कमळासारखे डोळे असलेला, यात वाचक शब्दच नाही, तरी ती उपमा. तिला लुप्तोपमा म्हणतात.

आता साधारण धर्म, म्हणजे दोघांत समान काय. खरी गाठ इथे आहे. मी कितीतरी वर्षं चंद्र दिसला की 'सौंदर्य' आणि दिवा दिसला की 'तेज' लिहून मोकळा व्हायचो. ती सवय मोडली कालिदासाच्या 'रघुवंशा'ने. सहाव्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर आहे. ती वरमाला घेऊन राजांसमोरून पुढे सरकते, आणि कवी तिला रात्री चालत्या दीपशिखेची उपमा देतो. ज्या राजाला ओलांडून ती जाते त्याचा चेहरा उतरतो. दिवा पुढे गेल्यावर राजमार्गावरचा वाडा अंधारात बुडावा तसा. इथे नुसतं 'तेज' लिहिलंत तर श्लोक हातातून गेला. धर्म आहे पुढे निघून जाणं आणि मागे काळोख ठेवणं.

ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातही दिव्याची ज्योत येते, पण तिथे ती सद्बुद्धीसाठी आहे. ज्योत इवली, पण उजेड मोठा पाडते. तशी सद्बुद्धी थोडी असली तरी तिला लहान म्हणू नये. उपमान तेच, धर्म निराळा.

म्हणून उपमानाचे गुण आठवून धर्म ठरवू नका. आधीची आणि नंतरची ओळ वाचा. आणि धर्म एका नामात उरकू नका, क्रियापदासह पूर्ण वाक्यात लिहा. ते वाक्य उपमेयाला आणि उपमानाला, दोघांनाही लागू पडलं तरच तो धर्म बरोबर. 'सौंदर्य', 'महानता' असली उत्तरं मी सरळ खोडतो.

शेवटी शेजारचे अलंकार तपासा. 'मुख चंद्रासारखं' ही उपमा, 'मुख जणू चंद्रच' ही उत्प्रेक्षा, 'मुख हाच चंद्र' हे रूपक. 'जणू' उपमेतही येतो, त्यामुळे त्या शब्दावर निकाल देऊ नका. कवी दोन वस्तू सारख्या म्हणतोय, की एक ही दुसरीच असावी अशी कल्पना करतोय, ते पाहा.