उन्हाळी पेट्रोलचा नियम कसा आखावा

उन्हात टाकीतून पेट्रोलची वाफ निसटते आणि नायट्रोजन ऑक्साइडशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते. म्हणून उन्हाळी नियमात आधी बाष्पदाब, म्हणजे पेट्रोलच्या वाफेचा दाब, मर्यादेत बांधायचा. अमेरिकेत तो 37.8 अंश सेल्सियसला जास्तीत जास्त 9.0 पीएसआय (दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच), आणि ओझोनचा त्रास असलेल्या अनेक भागांत 7.8 आहे.

दाब उतरवायला रिफायनरी पेट्रोलमधला ब्युटेन हा चटकन उडणारा हलका घटक कमी करते. ते स्वस्त असतं, ऑक्टेनही (इंजिनात ठोके न येऊ देण्याची पेट्रोलची क्षमता) वाढवतं; काढलं की माल घटतो, भाव चढतो. थंडीत गाडी चटकन सुरू व्हायला मात्र ब्युटेन हवं. त्यामुळे ही मर्यादा वर्षभर लावू नये.

तारखा दोन द्याव्यात. अमेरिकेत मर्यादा डेपोंना 1 मेपासून, पंपांना 1 जूनपासून, आणि शेवट 15 सप्टेंबरला. मधला महिना पंपावरचा हिवाळी माल खपायला लागतो. 1 मेच्या सुमारास हिवाळी माल संपवताना डेपोंच्या टाक्या तळाला गेलेल्या असतात. तेव्हा एखादी रिफायनरी बंद पडली तर तुटवडा लगेच जाणवतो.

इथेनॉलचा हिशेब वेगळा धरा. 10 टक्के मिसळलं की दाब सुमारे 1 पीएसआयने वाढतो. 20 टक्क्यांना, म्हणजे आपल्याकडच्या ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये, ही वाढ दुप्पट होत नाही; उलट किंचित उतरते. खरी गफलत पंपाच्या टाकीत होते: इथेनॉलचं आणि बिनइथेनॉलचं पेट्रोल वेगवेगळं मर्यादेत असतं, एकत्र केलं की मर्यादा ओलांडतं.

नमुन्याची बाटली 70 ते 80 टक्केच भरावी, 0 ते 1 अंशापर्यंत थंड करूनच उघडावी, आणि दाबाची चाचणी सगळ्यांत आधी घ्यावी. बाटली कोमट असताना उघडली तर हलके घटक उडून जातात, आकडा खोटा कमी येतो आणि दोषी माल पास होतो.

प्रत्येक शहराला पेट्रोलची वेगळी कृती देणं आम्हाला सगळ्यांत घातक वाटतं. अडचणीच्या वेळी शेजारच्या शहराचा टँकर हाताशी असूनही त्यातलं पेट्रोल इथे चालत नाही. अमेरिकी काँग्रेसने 2005 मध्ये अशा स्थानिक इंधनांच्या संख्येला आळा घातला तो याचसाठी.

सूट देण्याची तरतूद नियमातच लिहावी: आधी न दिसलेलं संकट, कमीत कमी भाग, कमीत कमी दिवस. अमेरिकेत अशा एका सवलतीची कमाल मुदत 20 दिवस आहे. 2005 च्या कॅटरिना वादळानंतर तिथे अशी सूट दिली गेली. मुदत संपल्यावर पंपाच्या टाकीत उरलेला माल विकू द्यावा, नवा मात्र उन्हाळी मर्यादेतलाच उतरवावा.